'अवतार: द लास्ट एअरबेंडर': दुसरा सीझन का बघावा

या अमेरिकी कार्टून मालिकेचा पहिला सीझन बरा वाटला, पण शेवटी लहान मुलांचं कार्टूनच, मग पुढे वेळ घालवू का, असं तुम्ही विचारलंय. घालवा. पहिल्यावरून दुसऱ्याचं माप काढू नका. शेवट फोडणार नाही, पण मधली एक घटना सांगावीच लागेल.

2006 साली आलेले हे 20 भाग. पहिल्या सीझनमध्ये बरेचदा नवं गाव, नवं संकट आणि भाग संपला की मालिकेचा नायक आंग आणि त्याची मंडळी पुढच्या वाटेला, असं चालायचं. इथे तसं सुटता येत नाही. दहाव्या भागातलं वाळवंटातलं ग्रंथालय घ्या. आंगचा मित्र सोक्का तिथून अग्निराष्ट्राविरुद्धच्या युद्धात कामी येणारी माहिती काढतो, रक्षक आत्मा भडकतो आणि अख्खी इमारत वाळूत बुडवायला लागतो. बाहेर आंगची मैत्रीण टॉफ एकटी, भूमी वळवण्याच्या, म्हणजे दगड-माती हलवण्याच्या शक्तीने इमारत तोलून धरून उभी. तेवढ्यात वाळवंटातली टोळी येऊन ॲपाला, म्हणजे आंगच्या उडत्या गव्याला, दोर टाकते. टॉफ जन्मांध, जमिनीतल्या कंपनांवरून तिला 'दिसतं', आणि वाळूत तेही धड नाही. त्यांना अडवायला हात काढला की इमारत खाली सरकते. आत मित्र आहेत. ॲपाला जाऊ देण्यावाचून तिच्यापुढे मार्ग उरत नाही. एरवी हसरा असणारा आंग त्यानंतर तिच्यावर ज्या तऱ्हेने उखडतो, ते बघून हे फक्त मुलांसाठी आहे का, ते ठरवा. ॲपाचा शोध पुढे कितीतरी भाग चालतो.

मारामारीसुद्धा नुसती धूमधडाका नाही. भूमी वळवणाऱ्यांची ढब हंग गार या चिनी युद्धकलेवरून घेतलीय, पाय रोवून उभं राहण्याची. टॉफला मात्र मुद्दाम वेगळी, दक्षिणेकडची मँटिस शैली दिलीय. आंग वाऱ्याचा माणूस, समोरून दगड आला की उडी मारून मोकळा. त्याला जागचं न हलता दगडाला सामोरं जायला शिकवणं हा नवव्या भागाचा गाभा. त्याचा स्वभावच तिथे आडवा येतो.

मग बा सिंग से हे शहर. युद्ध दाराशी आलेलं आणि शहरात त्याचा उच्चार करायची बंदी, सरकारी वाटाडीचं हसू कधी मावळतच नाही. मला तरी सगळ्या मालिकेतला सर्वांत भयंकर खलनायक हे शहरच वाटतं.

मूळ इंग्रजी आवाजातच बघा. अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको, त्याचा काका आयरो; या आयरोला आवाज देणारे माको 2006 मध्येच गेले. पंधराव्या भागातली आयरोची छोटी गोष्ट त्यांना अर्पण केलीय. त्याबद्दल आधी काही वाचू नका.

पाचवा भाग रेंगाळतो, कंटाळा आला तर खुशाल सोडा. सातवा सोडू नका, तो जवळजवळ एकट्या झुकोचा आहे. आणि शेवटचे दोन सलग बघा, मध्ये झोपायला जाऊ नका.