परग्रहवासी जेटीवर उतरला, पण कोणी हसलंच नाही

(‘लिहिणाऱ्यांचे प्रश्न’ : या वेळी विनोदी विज्ञानकथेबद्दल बरीच पत्रं आली, सगळी किनारपट्टीवरून, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ)

प्रश्न : मी बर्फाच्या फॅक्टरीत कामाला आहे. विनोदी सायन्स फिक्शन कादंबरी लिहायला घेतलीय, साठ पानं झाली. परग्रहावरचा एक प्राणी मालवणच्या जेटीवर उतरतो, शेणावर घसरतो, गावकरी त्याला भूत समजून पळतात, मग सरपंच त्याला हार घालतो वगैरे. हीरो म्हणजे बर्फ विकणारा साधा पोरगा, शेवटी तो यान चालवून पृथ्वी वाचवतो. मित्रांना वाचून दाखवली तर कोणी हसलं नाही. काय चुकलं? – एक वाचक, मालवण

उत्तर : मित्रा, तू पाठवलेली पानं मी दोनदा वाचली. बारावं पान तर तीनदा, कारण त्या पानावर तुझ्या हीरोची आई यानाकडे ढुंकून न बघता विचारते की ह्येका बर्फ किती लागतलो आणि पैशे कोण देतलो, आणि तिथे मी एकटाच बसलेलो असताना मोठ्याने हसलो. म्हणजे तुला येतंय. फक्त तू हसवायला जातोयस तिथे हसू येत नाही आणि जिथे ती आई आपलं कामाचं बोलते तिथे येतं, यातच सगळं आलं बघ.

शेणावर कोणीही घसरेल, त्याला परग्रहावरून कशाला यायला पाहिजे? तो प्राणी विचित्र आहे असं तू सांगतोस पण तो विचित्र वागत नाही, नुसता धडपडतो. त्याला त्याचा स्वतःचा एक नियम दे, एकच, पण पक्का, आणि त्याच्या दृष्टीने तो नियम एकदम शहाणपणाचा असला पाहिजे. उदाहरण म्हणून सांगतो, समज त्याच्या ग्रहावर प्रश्न विचारणं म्हणजे उधारी घेणं. ज्याने उत्तर दिलं त्याचं देणं विचारणाऱ्यावर चढतं. आता असा माणूस, म्हणजे प्राणी, आपल्याकडे जेटीवर उतरला तर काय होईल? कोणाचो रे तू, खंयसून इलस, जेवलस काय, लगीन झाला काय, जमीन किती, भाऊ किती! तो बिचारा मन लावून एकेक उत्तर देतोय आणि वहीत मांडतोय आणि रात्रीपर्यंत अख्खी वाडी त्याच्या कर्जात, आणि वाडीला पत्ताच नाही. यात कोणी मूर्ख नाही, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि हसू त्या दोघांच्या मधल्या फटीतून येतंय. गावकरी बावळट दाखवून जे हसू येतं ते मला तरी वाचवत नाही. आपली माणसं भोचक आहेत पण बावळट नाहीत, देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदार भुताला, विडी ठेवणारा माणूस परक्याला बघून पळत नाही, आधी त्याला काय लागतं ते विचारतो.

आता हीरो. त्याने यान चालवू नये. साठ पानं तू मला सांगितलंस की तो बर्फ विकतो, मग त्याला बर्फातलंच काहीतरी करू दे ना! डग्लस अ‍ॅडम्सची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ बघ, 1978 साली बीबीसी रेडिओवर मालिका म्हणून सुरू झाली आणि 1979 ला पुस्तक आलं. त्यातला आर्थर डेंट सकाळी उठतो तर बायपाससाठी त्याचं घर पाडायला बुलडोझर दारात. तो चिखलात आडवा पडतो. आणि थोड्या वेळात परग्रहवासी येऊन सांगतात की अंतराळातल्या बायपाससाठी पृथ्वीच पाडायची आहे, नकाशे तर पन्नास वर्षं तिकडे अल्फा सेंटॉरी ताऱ्यापाशी लावून ठेवले होते, तुम्ही तेव्हाच हरकत का नाही घेतली. हायवेच्या रुंदीकरणात ज्याच्या घराची पडवी गेलीय, ज्याने मोजणीचे दगड स्वतःच्या आगरात बघितलेत, त्याला हे कोणी समजावून सांगायची गरजच नाही. आमच्या घरच्या दोन हापूसच्या कलमांवर असाच लाल रंगाचा आकडा पडला होता, नोटीस कुठे लावली ते आम्हाला नंतर कळलं, म्हणून ते पान मी कधीच नुसता विनोद म्हणून वाचू शकलो नाही. आणि एवढं सगळं होऊनही आर्थरला काय पाहिजे असतं तर धड चहा. घर गेलं, पृथ्वी गेली, तो चहा शोधतोय. साध्या माणसाचं साधेपण असं धरून ठेवायचं. तुझ्या पोराला संध्याकाळच्या आत बर्फ खपवायचाय ना, नाहीतर वितळणार, मग यान येवो नाहीतर काही येवो, त्याचं एक लक्ष त्या लादीवर हवं. गोणपाट, लाकडाचा भुसा, खाली ठिबकणारं पाणी हे सगळं तुला माहितीय, मला माहीत नाही, आणि ते तुझ्या साठ पानांत कुठेच नाहीये!

प्रश्न : माझ्या कादंबरीत राजापूरकडची कातळशिल्पं परग्रहवासीयांनी काढलेली असतात. विनोदी आहे म्हणून चालेल ना? मी शिक्षिका आहे, मुलांनाही वाचायला देणार आहे. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, स्पष्ट सांगतो, नको. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, उन्हात बसून कोणीतरी हाताने ती चित्रं कोरलीत. कशेळीचा हत्ती तुम्ही बघितला असेलच, त्या एका हत्तीच्या आत किती मासे, पक्षी, प्राणी आहेत, ज्याने ते काढले त्याने समुद्रही बघितला होता आणि जंगलही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या माणसांनी सडे पायाखाली घालून, गुराख्यांना विचारून विचारून ही चित्रं शोधली, 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत नाव लागलं, आणि आपण मुलांना सांगायचं की हे आपल्या माणसांना जमलंच नसतं, वरून कोणीतरी आलं? विनोदात सांगितलेलं मुलं जास्त लक्षात ठेवतात.

उलटं करा की. परग्रहवासी येतो आणि कातळशिल्प बघून थक्क होतो, त्याच्याकडे सगळी यंत्रं आहेत पण दगडावर एक सरळ रेघ त्याला मारता येत नाही. तो शिकायला बसतो, छिन्नी हातात, शेजारी शाळेतली पोरं सूचना देतायत. हे मला वाचायला आवडेल.

प्रश्न : परग्रहवासी मालवणी बोलला तर टिंगल वाटेल का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : अजिबात नाही! आपल्या दशावतारी नाटकातला संकासुर आठवा. वेद पळवणारा राक्षस, अंगभर काळे कपडे, आणि मालवणीत बोलून सगळ्यांना हसवणारा तोच. म्हणजे विचित्र प्राण्याच्या तोंडी आपली बोली घालायची वाट आपल्याकडे कधीचीच मळलेली आहे. माझं तर म्हणणं त्याला अस्खलित मालवणी बोलू दे आणि त्याच्या स्वागताला आलेल्या साहेबांना प्रमाण मराठीत अडखळू दे. फक्त बोली नीट लिहा, नुसता शेवटी ‘गो’ आणि ‘रे’ लावून मालवणी होत नाही.

प्रश्न : मराठीत या प्रकारचं काय वाचू? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : निव्वळ विनोदी असं कमी आहे, ते मान्य. पण जयंत नारळीकरांपासून सुरू करा, ‘यक्षांची देणगी’ मिळवा. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नावाकडे बघून कोणी नंबर देऊ नये, आणि पहिला नंबर आला. केवढा मोठा शास्त्रज्ञ, पण नवशिक्यांच्या रांगेत उभा राहिला, याचं मला फार कौतुक वाटतं. विज्ञान पक्कं कसं ठेवायचं ते त्यांच्याकडे शिका. आणि सत्यजित राय यांची ‘बंकुबाबूर बंधू’ ही 1962 ची बंगाली कथा अनुवादात मिळाली तर सोडू नका. गावातला गरीब मास्तर, संध्याकाळच्या बैठकीत रोज त्याची चेष्टा होते, त्याला एका रात्री परग्रहवासी भेटतो, आणि त्यानंतर तो एवढंच करतो की बैठकीत जाऊन चेष्टा करणाऱ्यांना खडसावतो आणि निघून जातो. पृथ्वी वाचवण्यापेक्षा हे मोठं आहे असं मला वाटतं. मालवणच्या मित्राने पण वाचावी.

प्रश्न : मी नववीत आहे. मला एलियन काढता येत नाही, सगळे मोठं डोकं आणि मोठे डोळेवालेच होतात. – एक वाचक, दापोली

उत्तर : बाळा, वर आकाशात बघून काढू नकोस, खाली बघ. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, रक्त निळं असतं कारण त्यात लोखंडाच्या जागी तांबं असतं, आणि त्याच्या मज्जापेशींतल्या साधारण दोन तृतीयांश हातांमध्ये असतात, म्हणजे हात आपला आपण विचार करतो असंच म्हण ना. पोहायला लागला की त्याचं मुख्य हृदय थांबतं, म्हणून त्याला पोहण्यापेक्षा सरपटणं बरं वाटतं. समुद्रात राहून पोहायचा कंटाळा! यावर एक अख्खं पात्र उभं राहील.

आणि खाडीच्या चिखलात निवटी बघितलीस का? मासा आहे पण पाण्याबाहेर पुढच्या परांवर चालतो, ओल्या कातडीतून श्वास घेतो, डोळे डोक्यावर, आणि ते सुकायला लागले की आत ओढून ओले करून परत बाहेर काढतो, एक एक डोळा. ओहोटीला घरच्या मोठ्या माणसाला घेऊन कांदळवनाच्या कडेला जा, पंधरा मिनिटं हलू नकोस, तुझी सावली त्यांच्यावर पडू देऊ नकोस. आधी सगळ्या बिळात जातील, मग एक डोळा वर येईल, मग दुसरा. तेवढे दोन डोळे काढून मला पाठव, बाकीचं अंग नंतर.