स्टार्चला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आला आहे: एका पाककृतीचं भाषांतर चालू आहे आणि ‘बटाट्याच्या कापांतला स्टार्च निघून जाईपर्यंत ते थंड पाण्यात ठेवा’ अशा अर्थाचं वाक्य आलं आहे. तिथे ‘पिष्ट’ लिहावं का? कोशात खळ, कांजी, सत्त्व असेही शब्द सापडतात, मग त्यांतला कुठलाही चालेल का?

कुठलाही नाही चालणार. ‘खळ निघून जाईपर्यंत ठेवा’ असं लिहिलंत तर वाचणारा पातेल्यात धोतर शोधेल.

मुळात मराठीनं या पदार्थाला एक सरसकट नाव दिलेलंच नाही. तो कुठून काढला आणि त्याचं पुढे काय करायचं, त्यावर नाव ठरतं. खळ घ्या. मैदा किंवा तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, ढवळत ढवळत शिजवलं की होते ती खळ. शब्द स्त्रीलिंगी आहे (संतवाङ्मयातला दुष्ट या अर्थाचा ‘खळ’ वेगळा आणि पुल्लिंगी, त्याचा हिच्याशी संबंध नाही). ती सुती साडीला घालतात, धोतराला घालतात, भिंतीवर पोस्टर चिकटवायला वापरतात. पुस्तकबांधणीवाले तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकतात, म्हणजे कीड लागत नाही. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुतालाही खळ देतात, त्याला जुना शब्द पांजणी. इचलकरंजीत आज त्याला सगळे सरळ ‘सायझिंग’ म्हणतात.

पण खळ म्हणजे नेहमी शिजवलेली. हा बारकावा महत्त्वाचा आहे, कारण स्टार्च गार पाण्यात विरघळत नाही. त्याचे कण नुसते तरंगतात आणि थोड्या वेळानं तळाशी बसतात. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला ते पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि मिश्रण एकदम दाटतं. बटाट्याच्या कापांतून निघतो तो कच्चा, तळाशी पांढरा थर धरणारा. त्याला खळ म्हणता येत नाही.

कांजीचंही तसंच. ‘कांजीची साडी’, ‘झब्ब्याला कांजी केली’ हे ऐकायला मिळतं. कपड्यांपुरती ती खळीची बहीणच, फक्त मूळ भाताच्या पेजेचं. आयुर्वेदातली कांजी मात्र आंबवलेली, आंबट. आणि पोटात जायची असेल तर कोकणात ती कांजी नसते, पेज असते. हल्ली साडीच्या बाबतीत खळ आणि कांजी दोन्ही मागे पडून ‘स्टार्च केलेली’ हेच रुळलं आहे, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. हिंदीतला ‘कलफ’ तेवढा उचलू नका. आपल्याकडे कलप केसांना लावतात.

स्वयंपाकघरात या पदार्थाला खरं नाव आहे ते चीक. कुरडया करणाऱ्या घरात विचारा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून, गाळून चोथा बाजूला काढायचा. गाळलेलं दुधासारखं पाणी रात्रभर न हलवता ठेवलं की सकाळी वर पिवळसर निवळ आणि खाली घट्ट पांढरा चीक. निवळ ओतून द्यायची आणि चीक शिजवून सोऱ्यात घालायचा. हा चीक म्हणजे जवळजवळ निव्वळ गव्हाचा स्टार्च. अडचण एवढीच, की चीक झाडाचाही असतो आणि खरवसाचाही. त्यामुळे ‘बटाट्याचा चीक’ असं लिहिलं तर कुरडया न केलेला माणूस बटाटा कापल्यावर दूध गळतं की काय, अशा विचारात पडेल.

सत्त्व याच पद्धतीनं काढलेलं, फक्त वाळवून पूड केलेलं. नाचणीचं सत्त्व, गुळवेलीचं सत्त्व. नाव मोठं भारदस्त आहे, जणू त्या वनस्पतीतलं सगळं चांगलं तेवढ्यात उतरलं. प्रत्यक्षात कोंडा, चोथा गाळणीत राहतो आणि हाती येतो तो मुख्यतः स्टार्च. गुळवेल सत्त्वही बहुतांशी तेच. पचायला हलकं म्हणून बाळाला किंवा आजाऱ्याला द्यायला ते छान, पण अख्ख्या नाचणीची बरोबरी त्याला येणार नाही. उपासाची तवकीर किंवा आरारूट हाही कंदाचा स्टार्चच.

आता पिष्ट. ‘पिष्’ म्हणजे दळणं, पिष्ट म्हणजे दळलेलं. आपलं ‘पीठ’ त्याचंच घासून आलेलं रूप. पिष्टपेषण म्हणजे दळलेलंच पुन्हा दळणं. शाळेच्या पुस्तकात ‘पिष्टमय पदार्थ’ असतात, आयोडिनचा थेंब टाकला की निळे-काळे होणारे, आणि तिथे तो शब्द शोभतो. स्वयंपाकाच्या ओट्यावर कुणी पिष्ट म्हणत नाही. तो शुद्ध मराठी म्हणून वापरायचा हट्ट असेल तर इंग्रजी ‘स्टार्च’चीही गंमत सांगतो: तो शब्द मुळात कपडा ताठ करण्यावरून आला, म्हणजे तिकडेही परीटघडीतूनच तो विज्ञानात गेला.

तेव्हा तुमच्या वाक्यात ‘स्टार्च’च ठेवा. किंवा नाव न घेता क्रिया लिहा, मराठीत ती सवय जुनी आहे. ‘भात वेळून घ्या’ म्हटलं की पेज काढून टाका हे आलंच, त्यात स्टार्चचा उल्लेख कुठे करावा लागतो? तसंच ‘काप थंड पाण्यात ठेवा, पाणी गढूळ झालं की बदला, नितळ राहीपर्यंत’ एवढं पुरे.

मूळ पाककृती अमेरिकन असेल तर आणखी एक ठिकाण जपा. आपल्या वाण्याकडे कॉर्नफ्लोअर (बोलताना बहुतेकांचं ‘कॉर्नफ्लॉवर’) म्हणून जी पांढरीशुभ्र पूड मिळते तो मक्याचा स्टार्च. अमेरिकेत त्याला कॉर्नस्टार्च म्हणतात आणि कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं बारीक दळलेलं पीठ. तिथल्या ‘कॉर्नस्टार्च’चं मराठी ‘मक्याचं पीठ’ केलंत तर सूप दाट होण्याऐवजी रवाळ होईल आणि वर मक्याचा वास येईल. तिथे बिनदिक्कत ‘कॉर्नफ्लोअर’ लिहा, आणि न्यू जर्सीतले वाचक असतील तर कंसात ‘कॉर्नस्टार्च’.