दीड, अडीच, साडेतीन

प्रश्न: ताई, मी वेंगुर्ले तालुक्यातली. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) झाले आहे, आरोग्य सेविका भरतीची परीक्षा द्यायची आहे. लसीकरणाचा तक्ता रात्री पाठ होतो आणि सकाळी अर्धा उडालेला असतो. पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) आणि एफआयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन) तर हमखास चुकतात. त्यात दोन गाइडांत दोन वेगळे तक्ते. बहिणीची मुलगी कालच 10 आठवड्यांची झाली, घरात रोज कार्ड दिसतं, तरी डोक्यात बसत नाही. काय करू?

उत्तर: बाय, आधी जुनं गाइड माळ्यावर टाक. एफआयपीव्हीचे दोनच डोस दाखवणारं ते जुनं. जानेवारी 2023 पासून तिसरा डोस 9 महिन्यांना आला.

आता तक्ता लसींच्या नावाने आडवा पाठ करू नकोस, फेऱ्यांनी कर. आपल्याकडच्या आया 6, 10, 14 आठवडे म्हणतच नाहीत, त्या म्हणतात दीड, अडीच, साडेतीन महिने. पेपरात मात्र आठवडेच लिही. या तिन्ही फेऱ्यांना पोलिओ आणि रोटाचे (जुलाबाविरुद्धचे) थेंब आणि पेंटा (पाच रोगांची एकत्र लस) असतंच. पीसीव्ही आणि एफआयपीव्ही ही जोडगोळी. दीडला येते, अडीचला दांडी मारते, साडेतीनला परत येते आणि 9 महिन्यांना एमआरसोबत (गोवर-रुबेलाची लस) शेवटची हजेरी लावते. एवढं कळलं की तुझा अर्धा घोळ मिटला.

जन्माच्या तीन लसींत मुदतीवर प्रश्न येतो. हिपॅटायटिस बी 24 तासांत, पोलिओचा शून्य डोस 15 दिवसांत, बीसीजी (क्षयाची लस) राहिली तर वर्षाच्या आत.

कोणती लस कुठे टोचायची, त्या जागांसाठी मी शेवरीची जुनी उशी घेतली होती, तिच्यावर पेनाने हात-पाय काढले. डाव्या दंडाला बीसीजी, उजव्याला एमआर. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही. एफआयपीव्ही पहिले दोन डोस उजव्या दंडात, तिसरा डाव्या, कारण त्या दिवशी उजवा दंड एमआरने अडवलेला. पेंटा-पीसीव्ही माझ्या वेळी नव्हत्या, त्या उशीवर मागाहून चढल्या. तेव्हा डाव्या मांडीत त्रिगुणी, म्हणजे डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) असायची. तोंडी परीक्षेत बाईंनी बाहुली माझ्याकडे तोंड करून बसवली, मी झटकन माझ्या डाव्या हाताकडची मांडी दाखवली आणि आपटले. आईच्या मांडीवर बसलेल्या बाळाची डावी मांडी तुझ्या उजव्या हाताला येते गो! म्हणून उशी समोर उभी करून सराव कर, पाठमोरी नको.

पुढचं थोडक्यात. 16 ते 24 महिन्यांत एमआर दुसरा, डीपीटी आणि पोलिओ बूस्टर. 5 ते 6 वर्षांना डीपीटी दुसरा बूस्टर, 10 आणि 16 वर्षांना टीडी (धनुर्वात-घटसर्प). जेई (जपानी मेंदूज्वर) ठरवून दिलेल्या जिल्ह्यांतच. जीवनसत्त्व अ पहिल्यांदा 9 महिन्यांना 1 लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी 2 लाख, पाच वर्षांपर्यंत एकूण 9 डोस. बेरीज 17 लाख. ही बेरीज विचारायला परीक्षकांना भारी आवडतं.

खरी परीक्षा उशिरा आलेल्या मुलाची. माझी दरवर्षी गणपतीत व्हायची. चाकरमानी आले की एखादी सून 11 महिन्यांचं पोर काखेला मारून उपकेंद्रात हजर. "कार्ड मुंबयक ऱ्हवला." जन्माचे डोस झालेले, पुढे काही नाही. अशा वेळी नवशिकी मुलगी गोंधळते, आधी दीड महिन्याचं देऊ की 9 महिन्यांचं? दोन्ही, त्याच दिवशी. वर्षाच्या आत असल्याने पेंटा, रोटा, पीसीव्ही सुरू करता येतात, सोबत एमआर आणि अ जीवनसत्त्व. पुढचा पेंटा 4 आठवड्यांनी. आणि मधेच खंड पडलेलं मूल आलं तर पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, जिथे थांबलं तिथून पुढे. पर्यायांत "पुन्हा पहिल्यापासून" दिसलं की काट मार.

भाचीची अडीचची फेरी झाली की पुढची साडेतीनची. कार्ड न उघडता तिच्या आईला आधीच सांग, त्या दिवशी तोंडात दोन, मांड्यांत दोन, दंडात एक. कोणतं कुठे, ते सत्राला जाऊन सिस्टरच्या हातांकडे बघून ताडून घे.