वाचकांचे प्रश्न : एक तारखेचा राग दोन तारखेला कुठं जातो?

प्रश्न : मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये टर्नर आहे. शेजारच्या लेथवर कन्नड दोस्त आहे, बरीच वर्षं झाली, डबा एकत्रच खातो, त्याच्या घरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी निम्मी माझ्याच पोटात जाते. पण १ नोव्हेंबर आला की मला काय होतं कळत नाही. यंदा आमची काळ्या दिनाची सायकल फेरी संपवून परत येताना चौकात कर्नाटक राज्योत्सवाची गर्दी होती, डीजे लागलेला, आणि त्यात तो गळ्यात लाल-पिवळा शेला घालून नाचताना दिसला. डोकं सणकलं, त्यानं हात केला तरी तोंड फिरवून गेलो. दुसऱ्या दिवशी डबा उघडताना नजर मिळवायला होईना. ह्यातला खरा मी कुठला?
— टर्नर, बेळगाव

उत्तर : दोन्ही तुम्हीच आहात दादा. दोस्तानं तुमचं काहीही वाकडं केलेलं नव्हतं हे तुम्हालाही माहितीय, तरी राग खराखुरा आला, कारण त्या क्षणी तुम्ही लेथवरचे तुम्ही नव्हता, सीमाभागातले मराठी होता. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एलियट स्मिथ यांनी १९९३ साली हेच मांडलं आणि पुढं डायेन मॅकी यांच्याबरोबर त्यावर बरंच काम केलं, की माणूस स्वतःला एखाद्या गटातला म्हणून बघायला लागला की त्या गटाचा राग, अभिमान, भीती त्याला स्वतःचीच म्हणून जाणवते, त्याच्या एकट्याच्या बाबतीत काही घडलेलं नसलं तरी. १९५६ साली १ नोव्हेंबरला हा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातला तेव्हा तुमचा जन्मही झाला नसेल, पण आजोबांच्या तोंडून ते ऐकत जेवलेलं पोर १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला उभं राहतं तेव्हा ते दुःख ऐकीव राहत नाही. आणि त्याच १ नोव्हेंबरला तुमच्या दोस्ताच्या घरात सण असतो, त्याचा आनंदही तेवढाच खरा. तोच दोस्त दुपारी सुपरवायझर विनाकारण ओरडला की तुमच्या बाजूनं उभा राहतो ना? तिथं 'आम्ही' म्हणजे शॉपमधली पोरं. 'आम्ही' कोण हे बदललं की भावना बदलते, म्हणून दोन तारखेला तो राग सापडत नाही.

यात शरीराचाही मोठा वाटा आहे. आपल्याकडं शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, ढोल-ताशा छातीत वाजायला लागतो आणि शेजारी उभा असलेला अनोळखी माणूससुद्धा आपला वाटतो. स्पेनमधल्या सॅन पेड्रो मान्रिके या गावात लोक निखाऱ्यांवरून चालतात, तिथं संशोधकांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, २०११ साली ते प्रसिद्ध झालं. चालणाऱ्याचे आणि काठावर नुसत्या बसलेल्या त्याच्या नातेवाईक-मित्रांचे ठोके एकाच तालात वरखाली होत होते, अनोळखी प्रेक्षकांचे होत नव्हते. तुम्ही सायकल फेरीतून आलेला, तो डीजेसमोरून. दोघंही आपापल्या गर्दीच्या तालात होता, अशा वेळी कुणाचंही डोकं थाऱ्यावर राहणं अवघड.

आता लोक काय करतात, हे ऐकलं की म्हणतात बघा, सीमाप्रश्न म्हणजे नुसती भावना आहे. मला ते अजिबात पटत नाही. घरपट्टीचा कागद वाचता न येणं, सरकारी ऑफिसात आपल्या भाषेत अर्ज न चालणं, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेला दावा, ह्या घडलेल्या गोष्टी आहेत, आणि अन्यायाबद्दल चीड येणं हे शहाणपणाचंच लक्षण आहे. प्रश्न फक्त एवढाच की ती चीड जाते कुणावर. कागद काढणारा वेगळा आणि भाकरी वाटून खाणारा वेगळा.

मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांचा अमेरिकेत ओक्लाहोमातला १९५४ चा कॅम्पमधला प्रयोग अनेकांनी ऐकलेला असतो, अकरा-बारा वर्षांच्या २२ पोरांच्या दोन टोळ्या केल्या, स्पर्धा लावल्या, आठवड्याभरात एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. नुसतं एकत्र जेवायला बसवून ते मिटलं नाही, पाण्याचा बिघाड दोघांनी मिळून शोधायला लागल्यावर आणि बंद पडलेला ट्रक मिळून ओढल्यावर हळूहळू निवळलं. पण त्याआधी १९५३ साली शेरीफ यांनी असाच कॅम्प घेतला होता तो फसला हे कमी लोकांना माहितीय. तिथं पोरांना आधी एकमेकांशी दोस्ती करू दिली आणि मग वेगळं केलं, तर ती भांडायलाच तयार होईनात, उलट हे मोठे लोकच काहीतरी लावालावी करतायत असा त्यांना संशय आला! तुमची दोस्ती ही अशी आधीची आहे. त्यामुळे गप्प बसून ते आपोआप विरेल म्हणून वाट बघू नका. त्याला सरळ सांगा, काल मी तोंड फिरवलं, त्या दिवशी आमच्या घरात दुखवटा असतो, तुझ्यावर राग नव्हता. त्याला पटेल न पटेल, पण कळेल नक्की. पुढच्या वर्षी फेरीला जायचं सोडू मात्र नका.

प्रश्न : भावना बाजूला ठेवून विचार करावा असं आम्ही आयुष्यभर मुलांना शिकवलं. हल्ली म्हणतात ते शक्यच नाही. खरं काय?
— निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : गुरुजी, रागाच्या भरात निर्णय घेऊ नये हे शिकवलंत ते बरोबरच. पण भावना पूर्ण काढून टाकली तर विचार सुधारत नाही, अडकतो. मेंदूतज्ज्ञ अँटोनिओ दमासिओ यांनी एलियट या टोपणनावानं एका रुग्णाची हकीकत लिहिलीय, मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढल्यावर त्याची बुद्धी चाचणीत उत्तम यायची, भावना मात्र जवळजवळ विझल्या होत्या. ऑफिसात कागद तारखेप्रमाणे लावायचे की आकाराप्रमाणे यात तो अख्खी दुपार घालवायचा. काय जास्त महत्त्वाचं हे सांगणारं आतलं काहीतरी गेलं होतं. नोकरी गेली, पैसे बुडाले, संसार मोडला.

प्रश्न : मुलगा पुण्यात शिकतो. आमच्या बोलीत "काय करूलालास" (काय करतोयस) म्हणाला की हॉस्टेलची पोरं हसतात, कानडी म्हणून हाक मारतात. इथं आम्ही मराठी म्हणून बोलून घ्यायचं आणि तिथं हे! आता फोनवर नीट बोलत नाही, जेवण कमी झालंय. एवढं मनाला लावून घ्यावं का?
— एक आई, खानापूर

उत्तर : ताई, त्याला हळवा म्हणू नका. ज्यांना आपलं मानलं त्यांनीच बाहेर काढलं की जास्त लागतं, आणि सीमाभागातल्या पोराला तर पुणे म्हणजे आपल्या माणसांत जाणं असतं. २००३ साली मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून कॉम्प्युटरवर चेंडू टाकण्याचा साधा गेम खेळायला लावला, मध्येच बाकीच्या दोघांनी यांना चेंडू देणं बंद केलं, तर मेंदूतले जे भाग शारीरिक दुखण्याच्या त्रासात जागे होतात त्यातलेच काही जागे झाले. पुढच्या एका प्रयोगात तर समोर माणूस नाही, फक्त कॉम्प्युटर आहे हे आधीच सांगून ठेवलं होतं, तरी लोकांना वाईट वाटलंच.

त्यामुळे "दुर्लक्ष कर" हा सल्ला त्याच्या उपयोगाचा नाही. बोली बदल असंही सांगू नका, घरी फोनवर तरी त्याला मोकळं बोलू द्या, आणि तुम्हीही त्याच्याशी खानापूरचंच बोला, पुणेरी नको. चिडवणं रोजचं होत असेल तर वॉर्डनला कळवायला लाजू नका. त्याला एखाद्या ढोल-ताशा पथकात नाव घालायला सांगून बघा, गणपतीच्या बरेच आठवडे आधी सराव सुरू होतात, रोज संध्याकाळी घाम गाळून एका ठेक्यात वाजवणाऱ्या पोरांत तो कुठून आला ही चौकशी फार दिवस टिकत नाही. आणि जेवण महिनाभरात सुधारलं नाही तर वाट न बघता कॉलेजच्या समुपदेशकाकडं पाठवा, तुम्ही स्वतः एकदा जाऊन या.