बॅटऱ्या आधी माळ्यावरून खाली आण

दांडिया बाजारातल्या दुकानाला इन्व्हर्टर बसवलास, छान केलंस. पण बॅटऱ्या माळ्यावर पत्र्याखाली ठेवल्यास ना, त्या आधी खाली हवेशीर जागी आण. तापमान साधारण 10 अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. माझ्या तशाच गेल्या, फार हळहळलो. बडोद्याच्या मे महिन्यात पाणी भराभर उडतं, तेव्हा दर पंधरवड्याला पातळी बघ. डिस्टिल्ड वॉटरच घाल, नळाचं मुळीच नको. पूर्ण चार्ज झालेली 12 व्होल्टची बॅटरी काही तास सुटी ठेवल्यावर 12.6च्या आसपास दाखवायला हवी.

जनरेटर महिन्यातून अर्धा तास चालव, पण दुकानाचा लोड टाकून. रिकामा चालवलास तर डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते.