सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा विषय नुसता पाठ करून भागेल का?

पास व्हायला भागेल. तिसऱ्या वर्षाला आहात, विषयात कोडची एक ओळ नाही, नुसत्या व्याख्या आणि आकृत्या, अशी तुमची तक्रार आहे. आमचीही हीच होती.

मला हा विषय कळला तो दादरच्या एका खानावळीत. मिनी प्रोजेक्ट म्हणून आम्ही चौघांनी तिथल्या काकूंसाठी महिन्याच्या बिलाचं सॉफ्टवेअर केलं. एसआरएस, म्हणजे सॉफ्टवेअरनं काय काय करायला हवं ते लिहिलेला कागद, आधीच्या बॅचचा उचलला, नावं बदलून जोडला. (सगळेच करतात.) दाखवायला गेलो, तर काकूंनी पहिलंच विचारलं, "खाडे कुठे मांडायचे रे?"

मेंबर गणपतीला कोकणात गेला की तेवढ्या दिवसांचे पैसे कापायचे. पण आदल्या दिवशी सांगितलं असेल तरच. तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरायचा नाही. रविवारी एकच वेळ जेवण, म्हणून तो अर्धा. आमच्या डेटाबेसमध्ये मेंबरमागे महिन्याचा एक आकडा होता, दिवस नव्हतेच! टेबलांपासून सगळं उपसावं लागलं. आणि रिक्वायरमेंट कशा गोळा करायच्या, यावर आम्ही परीक्षेत पानभर उत्तर लिहिलं होतं.

जुना कागद नव्या कामाला चिकटवण्यात आम्ही एकटे नव्हतो, एवढंच समाधान. 1996 साली युरोपचं एरियान 5 रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत फुटलं. एरियान 4 मधला कोड तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यामुळे 64 बिटांचा आकडा 16 बिटांत मावला नाही. जुन्या रॉकेटवर तोच कोड बिनबोभाट चालायचा.

म्हणून माझं ऐकाल तर एसआरएस खऱ्या माणसासमोर बसून लिहा. सोसायटीचे सेक्रेटरी, झेरॉक्सवाले, कोणीही चालतील. यूएमएलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर आकृत्यांत मांडायच्या पद्धतीत, युज केस, क्लास आणि सिक्वेन्स या आकृत्या नीट करा. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट पहिल्या दिवसापासून वापरा. कोकोमोची, म्हणजे कामाला किती मेहनत आणि वेळ लागेल याच्या अंदाजाची, सूत्रं पाठ करा, पेपर झाला की विसरलात तरी चालेल. वॉटरफॉल, म्हणजे एक टप्पा संपवूनच पुढचा घ्यायची पद्धत, लिहिताना एक लक्षात ठेवा: 1970 च्या ज्या निबंधातून ती उतरती आकृती आली, त्यातच विन्स्टन रॉयसनं असं काम करणं धोक्याचं आहे, असं लिहून ठेवलंय.

काकूंनी ते सॉफ्टवेअर वर्षभर वापरलं. रविवारचा अर्धा खाडा मात्र शेवटपर्यंत वहीतच मांडत होत्या.