मुलगी १२ वर्षांची, पुढचे दात बाहेर आलेत. तारा खानापुरातल्या नेहमीच्या दवाखान्यात बसवाव्यात की बेळगावला न्यावं?

बेळगावला न्या, आणि तारा ऑर्थोडॉन्टिक्स (वाकडे दात सरळ करण्याचा विषय) घेऊन एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरची पदव्युत्तर पदवी, झालेल्या डॉक्टरांकडूनच बसवून घ्या. मी स्वतः बीडीएस, म्हणजे दातांची पहिली पदवी घेतलेली डॉक्टर आहे. दात भरणं, काढणं रोजचं, पण तारांच्या केसेस पुढं पाठवते. दात सरकतो तेव्हा एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. जोर जास्त झाला तर मूळ झिजतं, आणि झिजलेलं मूळ परत वाढत नाही. जोर किती लावायचा याचा अंदाज यावा म्हणून बीडीएसनंतर एमडीएसचं ३ वर्षांचं वेगळं शिक्षण असतं. पाटीवर एमडीएस दिसलं तरी विषय विचारा, रूट कॅनालचंही एमडीएस असतं. बेळगावातल्या केएलई आणि मराठा मंडळ, दोन्ही डेंटल कॉलेजांत ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग आहे. फायदा दिसण्यापुरताच नाही हो: बाहेर आलेला दात सायकलवरून पडल्यावर आधी तुटतो, आणि दाटीतल्या दातांत ब्रश पोचत नाही. मात्र जबडाच मागेपुढे असेल तर नुसत्या तारांनी भागत नाही. वाढ चालू असतानाच वेगळं उपकरण लावावं लागतं. म्हणून दहावी होईपर्यंत थांबू नका.